होमकमिंग: येतं कोण आणि दार उघडतं कोण?

तुम्ही सिंगापूरमधल्या एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिकला असाल, किंवा तुमचं धाकटं भावंडं आत्ता शिकत असेल, तर हा आठवडा तुम्हाला समजावून सांगायला नको. सोमवारी सगळे पायजम्यात. मंगळवारी दोघीदोघींनी एकसारखे कपडे घालून जुळ्या बहिणी व्हायचं. बुधवारी ऐंशीचं दशक, म्हणजे आईचा जुना स्कार्फ आणि बाबांचा गॉगल. गुरुवारी ‘कल्चर डे’. शुक्रवारी गालांवर शाळेचे रंग फासून जिममध्ये आरडाओरडा, मग मॅच. आणि शेवटी तिकीट काढून डान्स. कुठे याला स्पिरिट वीक म्हणतात, कुठे होमकमिंग वीक. पोस्टरं मात्र बघावी तिथे सारखीच.

या लेखात आम्ही कुठल्या एका शाळेला धारेवर धरणार नाही. एखाद्या नाटकाचं परीक्षण लिहावं तसं या प्रकाराचं परीक्षण करायचं आहे. याची मूळ संहिता काय होती, इथे तिचा प्रयोग कसा होतो, आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकाच्या हाताला काय लागतं, एवढंच बघायचं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको: प्रयोग रंगतो, मुलं खूश असतात, पण नावात जे लिहिलंय तेवढंच नेमकं स्टेजवर नसतं. होमकमिंगमध्ये घरी कुणी येतच नाही. आणि ते का येत नाही हे नीट पाहिलं, तर परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलामुलींबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल, काहीतरी कळतं.

मूळ संहिता

होमकमिंग कुणी सुरू केलं यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांत वाद आहे. बेलर विद्यापीठ १९०९ म्हणतं, इलिनॉय १९१० म्हणतं. पण सगळ्यात जास्त सांगितली जाते ती मिसुरी विद्यापीठाची १९११ सालची गोष्ट. मिसुरी आणि कॅन्सस ही फुटबॉलमधली कट्टर वैरी. त्यांचा सामना आधी तिसऱ्याच गावी, कॅन्सस सिटीत व्हायचा. मग नियम बदलला आणि सामना विद्यापीठाच्या स्वतःच्या मैदानावर, कोलंबिया या छोट्या गावात, घेणं भाग पडलं. आता एवढ्या लहान गावात प्रेक्षक आणायचे कुठून? तिथले क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रुअर यांनी माजी विद्यार्थ्यांना आवाहन केलं की घरी या. हजारोंनी लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, पण बोलावण्याची पद्धत मात्र जिंकली. पुढे ती कॉलेजांतून हायस्कूलांत उतरली. मिरवणूक आली, राजा-राणी निवडणं आलं, डान्स आला. टेक्सासमध्ये तर मुली शेवंतीचं भलंमोठं फूल, त्याला रिबिनी आणि घुंगरं लावून छातीवर मिरवतात.

या गोष्टीत एक साधी रचना आहे, ती लक्षात ठेवा. गाव जागेवर आहे. शाळा जागेवर आहे. काही माणसं गाव सोडून गेली आहेत आणि काही मागे राहिली आहेत. जी राहिली ती गेलेल्यांना बोलावतात. बोलावणारा, येणारा आणि ठरलेली जागा, असं हे तीन पायांचं स्टूल आहे. तिकीटविक्रीसाठी का होईना, हे तिन्ही पाय १९११ मध्ये होते. अमेरिकेतल्या छोट्या गावांत ते आजही सापडतात. शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या मैदानाभोवती ज्या बाकांवर लोक बसतात, त्यांवर कधीकाळी तिथेच खेळलेला, आता पोट सुटलेला कुणीतरी बसलेला असतो. पेट्रोल पंपाचा मालक, नळदुरुस्ती करणारा, मुलांची आजी. त्या राजा-राणीच्या निवडीत कितीही पोरकटपणा असला, मुलीला शोभेची बाहुली करण्याचा सोस असला, तरी बाकांवरची ही माणसं त्या प्रसंगाला वजन देतात.

आयात झालं ते कवच

आता हा प्रकार समुद्र ओलांडून आशियात येतो तेव्हा त्यातलं काय येतं? जे पोस्टरवर मावतं ते येतं. जे सिनेमात दिसतं ते येतं. आपल्यापैकी पुष्कळांनी हा शब्द पहिल्यांदा नीट वाचला तो २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ या सिनेमाच्या नावात. त्यात शाळेचा डान्स आहे, सूट घातलेला बावरलेला पीटर आहे, त्याच्यासोबत आलेली लिझ आहे. गंमत म्हणजे त्या नावात खरी घरवापसी पीटरची नाहीच. सोनीकडे हक्क असलेला स्पायडर-मॅन मार्व्हलच्या सिनेविश्वात परतला, त्यावरचा तो श्लेष आहे. म्हणजे होमकमिंग नावाच्या जगातल्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमातही घरी परत आलं ते एका कंपनीचं पात्र. बाकी सगळा डान्स.

तुमच्या आईवडिलांना मात्र यातलं काही नवीन वाटणार नाही, हे त्यांना विचारून बघा. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत गॅदरिंगच्या आधी ‘डेज’ असतात. साडी डे, टाय डे, ट्रॅडिशनल डे, मिसमॅच डे, रोझ डे. ज्या मुलीनं वर्षभर जीन्स सोडून काही घातलं नाही ती अचानक आईची पैठणी नेसून येते आणि दिवसभर पदर सावरत बसते. मग गॅदरिंगमध्ये फिशपॉन्ड, म्हणजे निनावी चिठ्ठ्यांमधून एकमेकांची यथेच्छ उडवायची. पोरांना वर्षातून एकदा गणवेशाच्या आणि शिस्तीच्या बाहेर येऊ देणारा आठवडा लागतो, तो जगभर लागतो. त्यात वावगं काही नाही. पायजमा घालून गणिताच्या तासाला बसण्यात जो आनंद आहे तो खराच आहे. त्याला आमचा अजिबात विरोध नाही.

पण आपल्याकडे त्या प्रकाराचं नाव बघा. गॅदरिंग. म्हणजे जमणं. शुद्ध मराठीत स्नेहसंमेलन. नावाने जेवढं कबूल केलं तेवढं तो कार्यक्रम देतो. जे आत्ता इथे आहेत ते जमले, मजा केली, संपलं. होमकमिंग हे नाव त्याहून मोठं आश्वासन देतं. घर आहे आणि तिथे परतणं आहे, असं ते म्हणतं. आमचा आक्षेप या आश्वासनाला आहे.

थांबलंय कोण?

सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या एखाद्या नववीच्या वर्गाकडे बघा. जूनमध्ये काही मुलं दुबईला, ह्यूस्टनला, बंगळुरूला गेली. ऑगस्टमध्ये तेवढीच नवी आली. शिक्षकही दोन-चार वर्षांच्या करारावर. ज्याला बोलावायचं तो माजी विद्यार्थी पाच देशांत विखुरलेला आहे, आणि बोलावणारा स्वतः पुढच्या वर्षी असेल का, ते वडिलांच्या कंपनीवर अवलंबून आहे. सिंगापूरची लोकसंख्या २०२४ च्या जूनमध्ये सुमारे ६०.४ लाख होती आणि त्यातले १८.६ लाख लोक ना नागरिक ना कायम रहिवासी. बऱ्याच मराठी घरांची गोष्ट या आकड्यात आहे. आईचा किंवा बाबांचा एम्प्लॉयमेंट पास, त्याला जोडलेला मुलांचा डिपेंडंट्स पास. नोकरी गेली की दोन्ही जातात आणि आवराआवरीला साधारण महिनाभर मिळतो. शिवाय इथल्या नागरिकांच्या मुलांना सरकारच्या परवानगीशिवाय अशा परदेशी अभ्यासक्रमाच्या शाळांत जाता येत नाही. म्हणजे शाळा ज्या शहरात आहे त्या शहरात कायम राहणारी मुलं त्या शाळेत जवळपास नसतात.

असा सगळा वर्ग निघायच्या तयारीत असताना होमकमिंगचा फलक टांगायचा, यात एक विचित्र गोष्ट घडते. स्टुलाचे तिन्ही पाय गायब आहेत, पण बैठक हवेत टिकून आहे. तो आठवडा मग खरं तर घरी येण्याचा राहत नाही. तो ‘आपण इथले आहोत’ अशी स्वतःची समजूत काढण्याचा होतो. गालावर शाळेचा रंग लावायचा, कारण पासपोर्टवर, पासवर, भाषेत, कुठेच तो रंग नाही. ही गरज आम्हाला हास्यास्पद वाटत नाही, उलट फार खरी वाटते. पण तिच्यावर इलाज म्हणून फक्त पायजमा डे आणि डान्सचं तिकीट मिळत असेल, तर तो इलाज अपुरा आहे, असं म्हणायला हरकत नसावी.

कुणी म्हणेल, हे आंतरराष्ट्रीय शाळांचं दुखणं आहे, इथल्या स्थानिक शाळा तर पक्क्या मुळांच्या. अर्धं खरं आहे. रॅफल्स इन्स्टिट्यूशन १८२३ ची. तिथेही माजी विद्यार्थी जमतात आणि त्याला होमकमिंगच म्हणतात. पण जमतात कुठे? शाळा आधी ब्रास बासा रोडवर होती, १९७२ मध्ये ती ग्रेंज रोडला गेली, १९९० मध्ये बिशानला. पहिल्या जागेवर आता रॅफल्स सिटी नावाचा मॉल आणि हॉटेलांचे मनोरे आहेत. जुन्या बॅचच्या आजोबांचं घर ज्या जमिनीवर होतं तिथे तुम्ही कदाचित काल बबल टी प्यायला असाल. ते आजोबा ‘घरी’ जातात ते अशा इमारतीत, जिथे त्यांनी एकही तास बसून काढला नाही.

याहून पुढची गोष्ट २०१७ ची. जन्मदर घटल्यामुळे मुलं कमी होणार, म्हणून इथल्या शिक्षण मंत्रालयाने बऱ्याच शाळा एकमेकींत विलीन करायचं जाहीर केलं. त्यात आठ ज्युनियर कॉलेजं होती. २०१९ च्या जानेवारीत त्या आठांची चार झाली. नावं जोडून ठेवली, म्हणजे अँडरसन सेरंगून, जुराँग पायोनियर, टॅम्पिनीस मेरिडियन, यिशून इनोव्हा. पण प्रत्येक जोडीतली एकच जागा चालू राहिली. जुराँगवाल्यांचं नाव टेक व्हायच्या इमारतीवर आहे, पण ती इमारत पायोनियरची होती. लग्नात दोन्ही आडनावं लावली तरी राहायचं एकाच घरी, तसं. अशा शाळेच्या माजी विद्यार्थ्याला घरी ये म्हणणारं पत्र कुठल्या पत्त्यावरून पाठवायचं?

तर घर म्हणून इमारत धरली की सिंगापूरमध्ये पंचाईत होते. तरीही या शहरात दरवर्षी एक होमकमिंग होतं, आणि आमच्या मते ते फार चांगलं होतं. फक्त त्याला ते नाव नाही.

आदल्या दिवसाची गोष्ट

सिंगापूरचा शिक्षक दिन पूर्वी १ सप्टेंबरला असायचा, २०११ पासून तो सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी असतो. त्या दिवशी शाळांना सुट्टी. म्हणून कार्यक्रम आदल्या दिवशी सकाळी उरकतात आणि मुलं लवकर सुटतात. सुटली की ती घरी जात नाहीत, आपल्या जुन्या शाळेत जातात. सेकंडरीची मुलं प्रायमरीत, ज्युनियर कॉलेजची सेकंडरीत. तुम्ही त्या दुपारी एमआरटीत असाल तर डब्यात चार-पाच शाळांचे गणवेश एकाच दिशेला चाललेले दिसतात. हातात कार्ड, एखादं फूल, कुकीजचं पाकीट. गेटवर नाव नोंदवायचं, आत जायचं, तिसरीच्या बाईंना शोधायचं. बाई उंचीकडे बघतात, ‘केवढा झालास’ म्हणतात, नाव आठवतं किंवा आठवत नाही. पाच मिनिटांत बोलणं संपतं. मग पोरं जुन्या कॅन्टीनमध्ये बसून नूडल्स खातात, बाकं केवढीशी वाटतात यावर हसतात आणि निघतात.

या प्रसंगाला परीक्षकाच्या नजरेनं बघा. राजा नाही, राणी नाही, तिकीट नाही, थीम नाही, कपडे तर रोजचेच. पण स्टुलाचे पाय आहेत. जाणारा आहे, तो तेरा वर्षांचाच का असेना. आणि मुख्य म्हणजे थांबलेली एक व्यक्ती आहे. बाई. होमकमिंगचा सगळा भार त्या एका बाईंवर आहे. त्यांची बदली झाली, त्या निवृत्त झाल्या, की पुढच्या वर्षी त्या गेटशी जाण्यात अर्थ उरत नाही, इमारत तीच असली तरी. म्हणजे घर कशाला म्हणायचं याचं एक उत्तर इथे मिळतं: आपण निघून गेल्यावरही जिथे आपल्याला ओळखणारं कुणी थांबलेलं असतं, ते.

नऊवारी आणि पायजमा एकाच आठवड्यात

आता त्या गुरुवारच्या ‘कल्चर डे’कडे वळू, कारण तिथे मराठी मुलगी स्टेजवर येते. आईने महिनाभर आधी पुण्याहून शिवलेली नऊवारी मागवलेली असते. नथ दाबून बसवायची असते, कारण नाक टोचलेलं नाही. मुलाला फेटा, तोही टोपीसारखा तयार. फोटो छान येतात. शिक्षिका म्हणतात, किती सुंदर. मधल्या सुट्टीपर्यंत नथ खिशात जाते.

यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. कपड्यांत वाईट काही नाही. पण वेळापत्रकातली जागा बघा. सोमवारी पायजमा, बुधवारी जुन्या दशकाचा गॉगल, गुरुवारी तुमची आजी. शाळेच्या नजरेत हे तिन्ही एकाच खात्यात जमा होतात, गंमतीचे कपडे या खात्यात. त्या दिवशी कुणी मराठीत एक वाक्य बोलत नाही, कारण ऐकणारं कुणी नसतं. भाषा म्हणजे घराचं दार, आणि कपडे म्हणजे दारावरचं तोरण. तोरण शाळेत नेता येतं. दार काढून नेता येत नाही.

स्थानिक शाळांत दारच वेगळं आहे. तिथे इंग्रजीशिवाय मातृभाषा शिकावी लागते, आणि मातृभाषा म्हणजे चिनी, मलय किंवा तमिळ. १९९० च्या सुमारास त्यात आणखी पाच भारतीय भाषा घेता येऊ लागल्या: हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातल्या ८.३ कोटी लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली, २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळालेली ही भाषा इथल्या मातृभाषांच्या यादीत बसत नाही. म्हणून मराठी घरातला मुलगा बहुधा हिंदी घेतो. प्रश्नपत्रिकेवर ‘मातृभाषा’ असं छापलेलं असतं आणि खाली तो जी भाषा लिहितो ती त्याच्या आईची नसते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. संख्या, शिक्षक, पुस्तकं, परीक्षा यांचा हिशेब आहे. पण परिणाम असा की शाळा नावाच्या जागेत मराठी ऐकणारी, थांबलेली बाई त्या मुलाला कधीच भेटत नाही. त्याच्या मराठीचं होमकमिंग शाळेत होऊच शकत नाही. ते रविवारच्या मराठी वर्गात, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, नाहीतर रात्री आजीच्या व्हिडिओ कॉलवर होतं.

माहेर, पण फक्त गोड बाजू नको

इथे आपल्याला मोह होतो की, अमेरिकेच्या या उसन्या प्रकारापेक्षा आपलं बघा किती अस्सल आहे. आपल्याकडे माहेर आहे! भाद्रपदात, म्हणजे साधारण याच ऑगस्ट-सप्टेंबरच्या दिवसांत, गौरी माहेरी येतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी विसर्जन. देवीलासुद्धा घरी येण्याची हौस आहे आणि तिलासुद्धा तीनच दिवसांची रजा आहे, हे आपल्या लोकांनी किती सहज मान्य केलंय. शिवाय कोकणातला चाकरमानी. मुंबईत वर्षभर दहा बाय दहाच्या खोलीत काढायचं आणि गणपतीला काहीही करून गावी जायचं. साहेबाने रजा दिली नाही तर नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या गोष्टी घराघरांत सांगतात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण मिळवणं हे अजूनही एक युद्ध आहे.

खरंच, हे होमकमिंग मिसुरीच्या होमकमिंगपेक्षा जुनं आणि भरीव आहे. पण परीक्षण करायचं तर सारख्याच मापाने करू. माहेरपण फुकट होत नाही. लेक माहेरी येऊन चार दिवस उशिरा उठते, तेव्हा लवकर उठून चूल पेटवणारी कुणीतरी असते, आणि ती बहुतेक वेळा त्याच घरातली सून असते. तिचं माहेर दुसऱ्या गावी वाट बघत असतं. पुरण वाटून वाटून जिचे हात भरून येतात तिला गौरी आल्याचा आनंद किती आणि कामाचा धसका किती, हे तिलाच विचारावं. होमकमिंगची राणी सजवून स्टेजवर उभी करतात आणि आपल्याकडची राणी स्वयंपाकघरात उभी असते, एवढा फरक आपल्या बाजूने मोजायचा की विरुद्ध बाजूने, ते तुम्ही ठरवा. दार उघडं ठेवणं हे काम आहे. ते कुणाच्या तरी वाट्याला येतं. आणि ज्यांच्या वाट्याला येतं त्यांचं नाव सहसा कार्यक्रमपत्रिकेवर नसतं.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. आज कोकणातल्या अनेक वाड्यांत वर्षभर थांबणारं कुणी उरलेलं नाही. म्हातारे गेले, किंवा मुलांकडे मुंबईला आले. घराला कुलूप. मग गणपतीच्या आधी दोन दिवस चाकरमानी स्वतःच येतो, शेजाऱ्याकडून किल्ली घेतो, कुलूप उघडतो. जाळी-जळमटं काढतो, अंगणातलं गवत उपटतो, विहिरीचा पंप चालू होतो का बघतो. मखर बांधतो, गणपती आणतो. मग दारात उभा राहून आल्यागेल्याला या, बसा म्हणतो. म्हणजे काय झालं? येणाराच यजमान झाला. त्याला कुणी बोलावलं नाही, वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी त्याने दार उघडलं आणि ते दुसऱ्यांसाठी उघडं ठेवलं.

सिंगापूरच्या प्रश्नाला आम्हाला यातून उत्तर दिसतं. जिथे कुणीच थांबत नाही तिथे होमकमिंग खोटंच ठरायला पाहिजे असं नाही. फक्त तिथे पाहुण्यालाच यजमान व्हावं लागतं.

मग आठवड्यात काय बदलायचं?

आंतरराष्ट्रीय शाळांना हे जमत नाही असंही नाही. १९८२ पासून सहा शाळांची आयासास नावाची संघटना आहे. सिंगापूर अमेरिकन स्कूल आणि जकार्ता, क्वालालंपूर, बँकॉक, मनिला, तैपेइमधल्या शाळा तिच्यात आहेत. खेळांच्या, नाटकांच्या, वादविवादाच्या स्पर्धांना मुलं एकमेकांच्या शहरांत जातात, आणि वर्षानुवर्षं रीत अशी होती की पाहुण्या खेळाडूंनी यजमान शाळेतल्या मुलांच्या घरी उतरायचं. विचार करा. तुमच्या विरुद्ध उद्या खेळणारी मुलगी आज रात्री तुमच्या आईच्या हातची पोळीभाजी खातेय, तुमच्या भावाच्या खोलीत झोपतेय. त्या कार्यक्रमाच्या नावात घर हा शब्द कुठेही नाही. पण घर आहे. दोन वर्षांसाठी आलेलं कुटुंबही तीन दिवस कुणाचं तरी यजमान होऊ शकतं, हे त्यातून सिद्ध होतं.

म्हणून आमची या आठवड्याला एकच सूचना आहे, आणि ती स्वस्तात होण्यासारखी आहे. पाचांपैकी एक दिवस, हवं तर पायजमा डेचाच, गेलेल्यांसाठी ठेवा. गेल्या जूनमध्ये वर्गातून गेलेल्या चौघांना आत्ताच्या वर्गाने फोन लावायचा. त्यांचं ऐकायचं. नवी शाळा कशी आहे, कुणाबरोबर जेवतोस, काय आठवतं. ऑगस्टमध्ये नव्याने आलेल्यांनी त्यात बसायचं, कारण दोन वर्षांनी फोनच्या पलीकडे ते असणार आहेत. त्यांना आज दिसू दे की इथून जाणाऱ्याला कुणीतरी शोधतं. आणि कल्चर डेला नऊवारी नेसाच, पण ज्या आजीसारखी ती नेसली तिला पाच मिनिटं कॉलवर वर्गासमोर आणा. ती मराठीत बोलेल, तुम्ही भाषांतर करा. अडखळाल. ‘कौतुक’ला इंग्रजीत काय म्हणायचं ते सापडणार नाही. पण त्या पाच मिनिटांत वर्गाला कळेल की या मुलीच्या घरात एक अख्खी भाषा राहते, आणि तुम्हाला कळेल की तिचं दार उघडणारं वर्गात दुसरं कुणी नाही.

आम्ही तुमच्यावर परंपरेचं ओझं टाकतोय असं वाटत असेल, तर तसं नाही. मराठी टिकवा, संस्कृती जपा, ही वाक्यं तुम्ही प्रत्येक मंडळाच्या स्टेजवरून ऐकली आहेत आणि ऐकताना समोसे कधी येणार याचा विचार केला आहे. तो विचार योग्यच होता. आमचं म्हणणं त्याहून लहान आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांना सगळे जण सतत येणाऱ्याची भूमिका देतात. भारतात सुट्टीला गेलात की पाहुणे, शाळेत नवीन, मंडळात पुढची पिढी. तुमच्यासाठी कुणीतरी दार उघडावं आणि तुम्ही आत यावं, अशी सगळी मांडणी. होमकमिंगचा आठवडा हीच मांडणी अजून झगझगीत करून देतो. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस यजमानही होऊ शकतो. नव्या मुलाला कॅन्टीनमध्ये जागा करून देणं, रविवारच्या मराठी वर्गात छोट्यांना अक्षरं शिकवायला बसणं, गेलेल्या मैत्रिणीचा वाढदिवस वर्गाच्या फळ्यावर लिहिणं, हे सगळं यजमानाचं काम आहे. ‘ऋतुगंध’ हे सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळाचं नियतकालिक आहे, त्यालाही कुणीतरी लिहिणारं लागतं.

एवढं मात्र काम करणारे नेहमी तेच दोघे-तिघे राहणार नाहीत याची काळजी घ्या. नाहीतर माहेरपण तुमचं आणि पुरण वाटणं दुसऱ्याचं, हा जुनाच हिशेब नव्या देशात चालू राहील.

पुढच्या सप्टेंबरात, पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दुपारी, सिंगापूरमध्ये असाल तर एमआरटीत गणवेश बघा. ती पोरं कुठल्याही डान्सला निघालेली नाहीत. तुमची जुनी शाळा याच बेटावर असेल तर त्यांच्यात सामील व्हा. ती दुसऱ्या देशात असेल, तर तिथल्या ज्या बाईंना तुमचं नाव अजून आठवत असेल त्यांना दोन ओळी लिहा. आणि अलीकडेच कुणी तुमचा वर्ग सोडून गेलं असेल, तर त्याच्यासाठी थांबलेले तुम्हीच आहात. त्याला आजच फोन करा.